रामराम करता न येणारं यंत्र

यावल, दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप रत्नाअक्कास,

धाकट्या जगदीशचा दंडवत. देवपूरला थंडी सुरू झाली असेल आणि तुझे गुडघे कुरकुरायला लागले असतील. तिळाचं तेल लावत जा. नुसतं कपाटात ठेवून गुण येत नाही. माझी तब्येत उत्तम आहे. (रक्तदाब थोडा वर, वजन थोडं खाली, म्हणजे सरासरी बरोबर.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि यात बरीच आहेत.

मी घेतलेल्या गवत कापायच्या यंत्राविषयी तू अर्धवट ऐकलं असशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो. ललिता गेल्यावर घराभोवतीच्या दोन एकरांत मी केळी लावली नाही. केळीला जीव लावावा लागतो आणि माझा तेव्हा कशातच लागत नव्हता. नुसतं गवत वाढलं. ते कापायला पाड्यावरची रुपली चार सोबतिणींना घेऊन यायची. गवत त्यांच्या बकऱ्यांना, रान मला साफ, बाकी देणं-घेणं काही नाही. पण दोन एकरांना त्यांना पाच-पाच दिवस लागायचे! निम्मा वेळ चहा, निम्मा वेळ मी भाजीत मीठ किती घातलं याची चौकशी. मी वरणगावच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं भोंग्यावर उठलो-बसलो, मला ते बघवेना. म्हणून ओट्यावर हजेरीचं मस्टर ठेवलं, दोरीला पेन बांधून. (हसू नकोस. रेघाही मीच आखल्या होत्या.) रुपलीने ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, गवत कापाले बी हजेरी लागस का?" मी म्हणालो, लागते. दुसऱ्या दिवशी हजेरी लावायला कोणीच आलं नाही.

त्या रागात यंत्र घेतलं. भुसावळकडे लग्नाचं एक लॉन बंद पडलं, त्याच्या मालकाने हे यंत्र परदेशातून मागवलेलं. त्याच्यावर बसून गवत कापायचं, पण स्टिअरिंग नाही, दोन हातांत दोन दांडे. दोन्ही ढकलले की पुढे, दोन्ही ओढले की मागे, आणि एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन वळतं. पाती पोटाखाली. सीटवरून उठलं की इंजिन आपोआप बंद. (इतकी शिस्त फॅक्टरीत माझ्या हाताखाली एकालाही नव्हती.) आपल्या ट्रॅक्टरवाल्या झुलाल मिस्त्रीने असलं काही पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने आधी नारळ फोडला आणि मग पाने काढले. आता पात्यांना धार तो लावतो. ग्रीस मी भरतो, एअर फिल्टर मी झटकतो, पोटाला चिकटलेलं ओलं गवतही मीच खरवडतो. ललिता असती तर म्हणाली असती, माझ्या पायांना कधी एवढं तेल लावलं नाहीत. खरंच नाही लावलं, अक्का.

दोन एकर आता दीड तासात होतात. सकाळी साडेआठला माझा दिवस संपतो. पुढे काय करायचं ते यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेलं नाही (मी दोनदा वाचलं).

श्रावणात एक प्रकार घडला. मी यंत्रावर होतो आणि रुपली आणि तिच्या बाया रस्त्याने दुसऱ्या कुणाच्या बांधावर निघाल्या होत्या. इतक्या दिवसांनी दिसल्या, म्हणून मी राग विसरून उजवा हात वर केला आणि रामराम म्हणालो. या यंत्राचा एक दांडा सोडला की त्या बाजूचं चाक थांबतं आणि दुसरं चालूच राहतं. म्हणजे मी रामराम म्हणत गोल फिरलो. घाबरून हात आणखी वर गेला. अशा तीन फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीला कमरेवर हात ठेवलेल्या पाच बाया माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. शेवटी ललिताच्या मोगऱ्यात जाऊन थांबलो. (मोगरा बुंध्यापासून गेला. हे तुला सवडीने सांगणार होतो.) बाया हसून हसून रस्त्यातच बसल्या. मीही हसलो. वाटलं, आता आत येतील, चहा होईल. मनातल्या मनात आधण ठेवलंसुद्धा. रुपली कुंपणाशी आली, मूठभर कापलेलं गवत उचलून बोटांतून खाली सोडलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमना मशीननी बठ्ठा भुगा करी टाका. आते बकऱ्या काय खातीन?" आणि निघून गेली. तिचं काय चुकलं? आत यायचं कारणच मी कापून टाकलं होतं. तेव्हापासून फाटकापर्यंत फक्त दूधवाला येतो, आणि तोही पिशवी अडकवून परस्पर जातो.

बाकी सगळं ठीक. यंत्र फार गुणाचं आहे, एकदा येऊन बघ.

तुझा,
जगदीश

ता. क. यंत्र बंद आहे. तू रुपलीला एक फोन कर. ललिता गेली तेव्हा तू इथे तीन महिने राहिलीस, तेव्हापासून ती सणासुदीला तुला फोन करते हे मला ठाऊक आहे. माझा ती उचलत नाही. तिला सांग, भाऊचं यंत्र बिघडलं. मी तुला खोटं बोलायला लावत नाही. पाती फिरवणारा पट्टा मीच दसऱ्याला काढून ललिताच्या तांदळाच्या डब्यात ठेवलाय. गवत गुडघ्याच्या वर गेलंय आणि अख्खं आहे.

आणखी एक. झुलालला डब्याचं कळू देऊ नकोस. तो नवा पट्टा मागवायला निघाला होता, मोठ्या मुश्किलीने थोपवलाय.

आणि हे शेवटचं. मस्टर मी बंबात घातलं, तेही रुपलीला सांग. म्हणावं, घाई नाही. पाच दिवस लागले तरी चालतील. सहा लागले तर फार बरं होईल.