पलीकडच्या काठावरची हाक

२९ सप्टेंबर १३६४, रविवार. संत मिखाएलचा सण.

आज चर्च उघडलं नाही. पहाटे धुकं होतं. ऊन वर आलं तशी नदीपलीकडे, माळाच्या अंगाला शिंगं वाजली. दुपारच्या आत सगळं संपलं. ब्लुआचा ड्यूक पडला म्हणतात. म्हणजे ब्रिटनीची गादी आता माँफोरच्या ड्यूकची.

कालपासून माँफोरचे दोन शिपाई आमच्या नावेच्या उतारावर बसून आहेत. होडी खुंट्याला बांधून ठेवायला लावली. हुकूम असा – पळून आलेल्याला जो पलीकडून आणील, त्याला त्याच खुंट्याशेजारी लटकवणार. दुपारी पलीकडच्या चिखलात माणसं उतरली. भरती चढत होती. 'मालो! मालो!' अशी लढाईतली आरोळी ठोकत होती. एक शिपाई म्हणाला, "आपली असतील का रे?" दुसरा म्हणाला, "आपली असती तर आंघोळीला कशाला आली असती!" हसले दोघं.

होडी बांधलेलीच राहिली.

आईनं ओटची पेज केली. जेवलो. धाकटा कादो जहागीरदाराच्या तुकडीबरोबर ब्लुआच्या बाजूनं लढायला गेलाय. त्याची काही बातमी नाही.

३० सप्टेंबर

पाण्यावरून टोप्या वाहत जाताहेत.

२ ऑक्टोबर, बुधवार

शिपाई उठून गेले. होडी सोडली आणि माळावर जाऊन आलो.

मेलेल्यांच्या अंगावर काही ठेवलेलं नाही. चिलखतं, सदरे, जोडे – सगळं लुटून नेलंय. बायका खाली वाकून एकेक तोंड वळवून बघत होत्या. मीही बघितली. खड्डे खणणारा एक म्हातारा होता. त्यानं विचारलं, "कुणाकडचा शोधतोयस?"

"ब्लुआकडचा. माझा धाकटा भाऊ."

"मग नावानं शोध बाबा. कपडे उतरल्यावर मला तर कुणाकडचा कोण काही कळत नाही."

संध्याकाळपर्यंत हिंडलो. कादो सापडला नाही. इथे लिहून टाकतो, कारण दुसरीकडे कुठे म्हणता येणार नाही – तो तिथे सापडावा असंच मला वाटत होतं. तलवारीनं मेलेला सापडला असता, तर रविवारी काठावरून आलेली ती हाक त्याची नव्हती, हे ठरलं असतं.

हजार माणसं तोच शब्द ओरडत होती. त्यात एक आवाज ओळखायचा म्हणजे काय!

४ ऑक्टोबर, शुक्रवार

उतारू कमी. दिवसभर पाऊस. मठातून आणलेले हे कागद संपायच्या आत काहीतरी चांगलं लिहावं.

कादोचा जन्म गादीचं भांडण सुरू झालं त्याच वर्षीचा. तेवीस वर्षं झाली. तो म्हणायचा, "दादा, ही लढाई माझी जुळी बहीण. आधी तिचं लग्न लागू दे, मग माझं बघा." आई लाकडी पळी घेऊन त्याच्या मागे धावायची. तो टेबलाभोवती फिरायचा आणि तिलाच दमवायचा.

बाबा दोन्ही ड्यूकांच्या माणसांना पार करत. दोघांचं निशाण एकच – पांढऱ्या कापडावर काळ्या शेपट्यांची नक्षी. बाबा विचारत, "तुम्ही त्यातले कोणते?" ते म्हणत, "खरे!" बाबा म्हणत, "परवाही खरेच आले होते. बसा."

युद्धातली आरोळीही एकच. संत मालो आपला, आणि दोन्हीकडचे लोक आपले. मग दुसरं काय ओरडणार?

आम्ही लहानपणी तेच खेळायचो. एक या काठावर, एक त्या काठावर. दोघंही ड्यूक, दोघंही मालो. जिंकायचा नेहमी कादो, कारण हरलो हे तो कबूलच करायचा नाही.

पलीकडच्या कुरणात गाय नेणं त्याचं काम होतं. परतताना बाकीचे लोक 'ओ नाववाले!' म्हणून बोलावतात. हा 'मालो!' म्हणायचा. 'मा' खाली लांबवायचा आणि 'लो' वर फेकायचा. तो 'लो' फाटायचा. मिसरूड फुटल्यावर तरी फाटायचा थांबेल असं वाटलं होतं. नाही थांबला. मी हातातलं टाकून होडी सोडायचो. त्याला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली, असं कधी झालं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

आई आज न्याहारीला म्हणाली, "मेण काढ. त्याचा क्रूस करायचा."

मी म्हणालो, "अजून थांबू. कैद केलेले सुटताहेत."

"दहा दिवस थांबले की मी."

आई बेटावरची. तिथे समुद्रात गेलेला माणूस हाती लागला नाही, तर वीतभर मेणाचा क्रूस करतात. टेबलावर पांढरं कापड घालून तो ठेवतात आणि एक पूर्ण दिवस त्याच्याजवळ बसतात, प्रेताजवळ बसावं तसं. मग चर्चच्या भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवतात. पाद्री नाव वाचतो. त्यानंतर तो माणूस घरी आला असं धरतात. आईच्या वडिलांना त्यांनी असंच घरी आणलं होतं. बेटावरची पाच-सहा घरं इकडे येऊन राहिली, तेव्हापासून आमच्या चर्चमध्येही एक कोनाडा आहे.

पण तो फक्त बुडालेल्यांसाठी. मी आईला तेच म्हटलं.

"मग?" ती म्हणाली.

"कादो लढाईला गेला होता, आई."

"पाण्यानं नेला त्याला," ती म्हणाली आणि गायीकडे गेली. कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पाद्री गिओमार आले. थकले आहेत. इतक्या घरी जावं लागतंय. आईनं सफरचंदाची दारू दिली. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून ठेवला.

"आझेनोरबाई, माझी अडचण समजून घ्या. ठाण्यावर नवा सरदार आलाय. ब्लुआकडून मेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचायची नाहीत, असं त्यानं बजावलंय. त्याचा माणूस पहिल्या बाकावर येऊन बसतो."

"बुडालेल्यांची वाचता ना?"

"बुडालेल्याला बाजू नसते. त्यांची वाचतो."

"मग माझा बुडाला."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाद्रीबाबा, माझे वडील बुडाले तेव्हा कुणी पाहिलं होतं? मासे सांगायला आले होते का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मला दोन माणसांची शपथ लागेल. वेदीसमोर. घरची चालतील. पण ठाऊक असल्याशिवाय घेऊ नका. खोट्या शपथेवर त्याला कोनाड्यात ठेवलं तर तो तिथे राहायचा नाही." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "देरियन, रविवारी तू उतारावर होतास ना?"

"होतो."

"मग तुला काही माहीत असेल तर सांग."

मी म्हणालो, "सगळेच ओरडत होते."

ते गेल्यावर आईनं पेला धुऊन उपडा घातला. माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे असं झालंय. मी शपथ घेतली नाही, तर कादोचं नाव कुठेच वाचलं जाणार नाही. घ्यायची, तर तो बुडाला हे मला ठाऊक आहे असं म्हणायला हवं. आणि ते मला ठाऊक असेल, तर एकाच प्रकारे असेल.

१२ ऑक्टोबर

वादळ. होडी सोडली नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. संत लूकचा दिवस.

दुपारी 'ओ नाववाले!' ऐकू आलं. पलीकडे गेलो. एक माणूस काठी टेकून उभा. दाढी वाढलेली. ओळखला नाही. तोच म्हणाला, "देरियनदादा, मी एवेन. कासाराचा." कादोच्याच तुकडीत होता तो. खांद्यात भाला लागला म्हणून रानात एका कोळसेवाल्यानं लपवून ठेवलं होतं.

होडीत बसल्यावर म्हणाला, "कादो पोचला ना घरी?"

मी वल्हं मारत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "नाही."

त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग बोलू लागला. लढाईत ब्लुआची फळी फुटली तेव्हा दोघं बरोबर पळाले. कादोला ओरखडाही नव्हता. रानापाशी एवेन म्हणाला, झाडीत शिरू. कादो म्हणाला, "वेडा आहेस का! समोर दादाची होडी आहे. मी हाक मारायचा अवकाश." एवेनला जखमेमुळे उतरण जमेना, तो रानात वळला. कादो नदीकडे गेला. जाताना वर बोलला, "घरी पेज तुझ्या वाटणीची मीच खाईन बघ!"

आमच्या काठावर आल्यावर मी एवेनला हात देऊन उतरवलं. तो म्हणाला, "होडी बांधलेली होती का हो? तसं ऐकलं कोळसेवाल्याकडून."

"हुकूम होता," मी म्हणालो.

"मग तुम्ही तरी काय करणार."

मी काय करू शकलो असतो, ते लिहितो. कमरेला चाकू होता. दोर होता, साखळी नव्हती. शिपाई दोघंच होते आणि सकाळपासून पीत होते. ओहोटी असती तर गोष्ट वेगळी, भरतीत होडी निम्म्या वेळात जाते. ती हाक तीनदा आली. पहिल्याच हाकेला 'लो' फाटला होता.

१९ ऑक्टोबर

एवेन भेटल्याचं आईला सांगितलं. तो काय म्हणाला, ते नाही सांगितलं. तिनंही विचारलं नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मी मठात शिकायला गेलो तेव्हा कादो आठ वर्षांचा. दर महिन्याला बाबांबरोबर यायचा आणि फाटकाशी उभा राहून साधूंच्या नकला करायचा. एकदा मठाधिपतींनीच पाहिलं. मला वाटलं, आता मला काढणार! ते म्हणाले, "तो लहान तुमचा भाऊ का? माझी चाल अगदी बरोबर काढलीय त्यानं." बाबा गेले आणि मला मठ सोडून वल्हं धरायला परत यावं लागलं. त्या दिवशी कादोनं माझी पेटी डोक्यावर घेतली आणि सगळ्या वाटेनं लॅटिन म्हणत आला. एकही शब्द खरा नव्हता. मी इतका हसलो की घरी रडत शिरेन असं वाटलं होतं, ते राहूनच गेलं.

ओहोटीला शिंपले काढायला जायचो तेव्हा मोठे माझ्या टोपलीत टाकायचा. म्हणायचा, "तू शिकलेला. तुला जास्त लागतं."

२८ ऑक्टोबर, सोमवार

घरामागच्या मधाच्या पोळ्यांचं मेण वितळवून गाळलं. क्रूस केला. पहिला थंड पाण्यात टाकताच तडकला. दुसरा नीट आला. आईनं हातात घेऊन वजन पाहिलं, लहान मूल घेतात तसं.

"घेशील का शपथ?" तिनं विचारलं.

"घेईन."

३१ ऑक्टोबर, गुरुवार

क्रूस टेबलावर. पांढरं कापड. सकाळपासून शेजारी येऊन बसले, जुन्या गोष्टी निघाल्या. कादोनं पाद्रीबाबांच्या गाढवाला होडीत बसवलं होतं आणि अर्ध्या नदीत गाढवानं उठायचं ठरवलं, ती गोष्ट तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. एवेन म्हणाला, "गाढव पोहून आलं. कादोलाच ओढून काढावं लागलं!" सगळे हसले आणि एकदम थांबले.

आई म्हणाली, "हसा. त्याला आवडायचं."

१ नोव्हेंबर, शुक्रवार. सर्व संतांचा सण.

सरदाराचा माणूस पहिल्या बाकावर होता. पाद्री गिओमारनी आम्हा दोघांना वेदीसमोर बोलावलं. आईनं आधी शपथ घेतली. मग पाद्रीबाबांनी मला विचारलं, "कादोला पाण्यानं नेलं, हे तुला ठाऊक आहे?"

"आहे."

"कसं?"

"त्यानं पलीकडून हाक मारली. मी ऐकली. आवाज ओळखला. होडी सोडली नाही."

मोठ्यानं बोललो की हळू, आठवत नाही. पाद्रीबाबा कोनाड्याकडे वळले. मग त्यांनी नाव वाचलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट. पहिल्या बाकावरचा माणूस काही बोलला नाही.

आईनं क्रूस कोनाड्यात ठेवला. घरी येताना ती पुढे, मी मागे.

२ नोव्हेंबर

आज सगळ्या मेलेल्यांचा दिवस. उतारू पुष्कळ. आई बोलली नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवताना आई म्हणाली, "हाक मीही ओळखली होती. दारातच उभी होते मी."

माझा घास तसाच राहिला.

"तू खुंट्याकडे दोन पावलं गेलास. तेव्हा मी देवाला म्हटलं – हा तरी राहू दे." तिनं पाव मोडला, अर्धा माझ्यापुढे ठेवला. "त्यानं ऐकलं."

जेवण झाल्यावर खाली उतारावर गेलो. होडीत पावसाचं पाणी साचलं होतं. ते उपसून काढलं.