तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

१० फेब्रु., सोम.

कॉलेजच्या ग्रंथालयात नवा डेटाबेस आलाय. मानवशास्त्र आणि पुरातत्त्व. मार्चअखेरपर्यंत चाचणीसाठी फुकट. मॅडम म्हणाल्या, "वैशाली, तू शिकून घे, मग पोरांना दाखव." सगळं इंग्रजीत. सुरुवात कुठून करायची कळेना, म्हणून 'चूल' हा शब्द इंग्रजीत टाकला. पानं येतच राहिली. बर्फातल्या लोकांची चूल, वाळवंटातली, होडीतली. होडीत चूल! डबा खायचा राहिला.

१२ फेब्रु.

यात पुस्तक नाही शोधायचं, परिच्छेद शोधायचा. कुणीतरी बसून प्रत्येक परिच्छेद वाचलाय आणि त्याला विषय लावलाय. लग्न, दुखणं, भांडण, न्हाणं. आपण विषय निवडला की जगभरातले लोक एका पानावर शेजारी शेजारी. एकमेकांचं नावही न ऐकलेले. विश्रामबागेतल्या या खोलीत, पंखा कुरकुरतोय, आणि समोर हे.

विकासचा फोन. त्याच्या पोस्टवर अजून थंडी कडक. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे पगारात तुला जग फिरायला मिळतंय की." दोघं हसलो.

१४ फेब्रु.

आज तो शब्द टाकला. टाकणार नव्हते. बाळ, मृत्यू.

किती आले. बंद केलं. मुलं पुस्तकं परत करायला आली होती, शिक्के मारत बसले.

गेल्या श्रावणात आमची मुलगी झाली ती गेलेलीच. मला दाखवली नाही. "बगू नको, जीव अडकतो," एवढंच आत्ती, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. त्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून नेलं. कुठं, ते सांगितलं नाही. वि. तेव्हा सीमेवर, त्याला रजा मिळेपर्यंत सगळं उरकलेलं. त्यानंतर घरात तो विषय नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर

१७ फेब्रु.

परत उघडलं. या वेळी वाचलं.

बाळाचं क्रियाकर्म मोठ्यांसारखं करायचं नाही, ही गोष्ट किती ठिकाणी आहे. ग्रीसच्या एका बेटावर तर नुसती बाळांचीच जागा. प्रत्येक बाळ एकेका भांड्यात. मला वाटायचं, हे आपल्याकडचंच काहीतरी, घाईघाईनं, लपवून करायचं. लपवून नव्हे. फार जपून केलेलं दिसतं.

२० फेब्रु.

आपल्याच दख्खनमध्ये! नदीकाठच्या जुन्या वस्त्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या. शेती करणारे, गुरं पाळणारे लोक. बाळ गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावायची, आडवी ठेवायची, आत बाळ. आणि पुरायचं कुठं, तर राहत्या घरात. जमिनीखाली. वर रोजचं सारवण, रोजचा स्वयंपाक.

मडकी राखाडी, जाडीभरडी, हातानं घडवलेली. शेजारी कधी चोचीचं भांडं. पाण्याचं असेल?

नकाशा आहे एका घराचा. चूल म्हणजे काळा गोल. जवळच दोन मडक्यांची रेघ. खाली अक्षरं आणि वय: जन्मावेळचं.

पडद्यावर बोट ठेवून किती वेळ बसले. कुणीतरी ही मडकी थापली. त्या बाळाची आई त्या जमिनीवरून चालायची. रोज. पाय ठेवताना चुकवायची का ती जागा?

२१ फेब्रु.

फोनवर वि.ला वाचून दाखवलं. मडक्यांची ओळ परत वाचायला लावली. मग, "आपल्यालापण ठावं पायजे हुतं गं." गावचं बोलणं त्याच्या तोंडात असं अचानक येतं. "तू विचार आईला. मला आप्पांना विचारायला न्हाई जमणार."

आप्पा म्हणजे माझे मामा, सासरे. त्यांना मलाही नाही जमणार.

२ मार्च, रवि.

शनिवारच्या एसटीनं गावी. तासगावच्या पुढं सगळीकडं बेदाण्याचा वास. आमच्या शेडवर बायका रॅकवर घड पसरत होत्या, मामा त्यांच्यात. आत्ती जुन्या छपरात, कुडाच्या खोपटात, भाकरी करत होत्या. नव्या घरात गॅस आहे, पण त्या छपरातच करतात.

विचारायचं धाडस होईना. म्हणून फोनवर तो नकाशा दाखवला. म्हटलं, "आत्ती, बघा, तीन हजार वर्षांपूर्वीची चूल."

त्यांनी हात पुसून फोन घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"आन् ह्ये काय?"

"मडकी. बाळ गेलं की त्यात ठेवायचे."

"घरात?"

"व्हय, घरात. चुलीजवळ."

त्यांनी फोन खाली ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, पण हात हलेना. मग एकदम म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुला?"

मला वाटलं, नकाशाबद्दल विचारतायत. म्हटलं, "कॉलेजात."

"कॉलेजात कसं कळंल? म्या न् त्येंनीच केलंय. तिसऱ्याला ठावं न्हाई."

कळायला वेळ लागला. मग कळलं.

आत्तींनी बोट दाखवलं, चुलीच्या उजव्या अंगाला. मी बसले होते तिथून हातभर.

३ मार्च

रजा टाकली. आत्ती काल बोलल्या ते उतरवून ठेवते, विसरायच्या आत.

मामा म्हणत होते ओढ्याकडं नेऊ, सगळे तिकडंच नेतात. आत्ती नाही म्हणाल्या. त्यांचं पहिलं बाळ, वि.च्या आधीचं, मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते तेव्हा गेलं. "झाडाखाली ठिवलं. दुसऱ्या दिशी मेंढरांचा तळ हालला. मागं वळून बगू नको म्हनले समदे. म्या बगितलंच न्हाई. आता कंचं झाड त्ये बी सांगता येत न्हाई." म्हणून नातीच्या वेळी त्या म्हणाल्या, ही कुठं जाणार न्हाई. हितंच ऱ्हाईल.

"मडकं?" मी विचारलं.

"मडकं कुटलं. माझं मऊ लुगडं हुतं. गार वाऱ्याचे दीस, म्हून चुलीपाशी."

कुणी शिकवलं का, असं विचारलं. "ह्ये काय शिकवायचं असतंय व्हय?"

त्या मातीत मडकी पुरणारी बाई आणि ही बाई. मधे काही नाही. ना पुस्तक, ना सांगितलेलं. तीन हजार वर्षं आणि मधे काहीच नाही.

६ मार्च

राग आलाय. इतके महिने. मी तिथं बसून भाकरी खाल्ली, हसले, एकदा आडवी पडून झोपले. मला कुणी सांगितलं नाही. "तुला उटून बसता येत न्हवतं. मग म्हटलं सांगू. मग म्हटलं, आता कसं सांगू." हे आत्तींचं म्हणणं.

वि.ला अजून सांगितलेलं नाही. फोनवर नको.

९ मार्च, रवि.

गेले नाही गावी. कपडे धुतले, झोपले. आत्तींचा फोन आला, "जेवलीस का" एवढंच.

१६ मार्च, रवि.

गेले. छपरात कुणी नव्हतं. उजव्या अंगाला बसले. जमीन ताजी सारवलेली, ओल अजून. शेणात बोटांच्या कमानी, एकीत एक. हात ठेवला.

रडू येईल वाटलं होतं. तसं नाही. देवळात गाभाऱ्यात शिरल्यावर वाटतं तसं काहीतरी. माहेरी औंधला यमाईच्या डोंगरावर लहानपणी वाटायचं. आपण लहान आणि सगळं फार मोठं.

आत्ती दारात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव ठिवलंवतंस का काय?"

ठेवलं होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही. त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा उच्चारलं, नीट येईपर्यंत.

२२ मार्च

नवं संकट. वि.नं फोनवर मामांना सांगितलं, पाडव्याला येतोय, सुट्टीत छपर पाडून बेदाण्याची शेड वाढवू. जेसीबी पण ठरवलाय, मित्राचा आहे. मामा "बगू" म्हणाले. मामांचं "बगू" म्हणजे नाही. पण वि. ते हो धरतो.

मला म्हणाला, "आईला तिकडं धुरात किती दिवस बसवायचं?" त्याचंही खरंच.

२७ मार्च

मुलांना डेटाबेस दाखवला. मी तोच नकाशा काढला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग हे उकरून काढलं म्हणजे त्या आईचं..." आणि थांबली. उकरलं नसतं तर मला कळलं नसतं.

कॉलेज वर्गणी भरणार की नाही, अजून ठरेना.

३० मार्च, पाडवा

वि. काल पहाटे मिरजेला उतरला. वाळलाय. सकाळी गुढी. त्यानंतर लगेच टेप घेऊन छपर मोजायला लागला, मामा टोक धरायला गेलेच नाहीत, शेडकडं निघून गेले. मी धरलं. माझ्या हातून टोक दोनदा सुटलं. "नीट धर की," म्हणाला.

आत्तींनी पोळ्या चुलीवरच केल्या. वि. हात धुऊन आला, जागा शोधली आणि बसला. उजव्या अंगाला. मांडी घालून, ताट पुढ्यात ओढून. "आई, इथंच बरं वाटतंय गं," म्हणाला.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं.

"विकास," मी म्हटलं, "जरा इकडं सरकून बस."

"का?"

आत्तींनी तवा उतरवून ठेवला.