भोंग्याची दुरुस्ती

४ मार्च
अखिल मानवजातीच्या माहितीसाठी नोंदवतो, की टास्मानियातल्या या धरण-कार्यालयात केटलला झाकण नाही. वाफ थेट चष्म्यावर. बाकी मजेत. खिडकीतून धरण दिसतं, खुर्ची मऊ. ती नेरिडाची होती, असं शेजारच्या आल्माने सांगितलं. धरणाचं दार उघडण्याआधी वाजायचा भोंगा वाजेना. प्रोग्रॅममध्ये चूक होती. नेरिडा स्वतः पाहायला खाली उतरली, आणि दार उघडलं.

५ मार्च
दुरुस्ती मेलच्या मजकुरातच लिहून पाठवायची, फाइल जोडायची नाही, हा डर्मटसाहेबांचा नियम. ९९८ अक्षरांहून लांब ओळ मात्र मेल वाटेतच तोडतो, आणि दुरुस्ती निकामी. नेरिडाची दुरुस्ती जुन्या मेलांत सापडली. चोख, एकच ओळ लांब. साहेबांनी तीनदा परत केलेली, वर शेरा: बाई, आधी ओळी मोजायला शिका, मग धरण सांभाळा. मी ती ओळ दोन केली आणि करणाऱ्याचं नाव म्हणून माझं, क्लाइव्ह टर्व्ही, लिहिलं. तिला आता बढती कशाला हवी?

६ मार्च
दुरुस्ती परत आली. शहात्तराव्या अक्षरावर ओळी तुटलेल्या. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, टर्व्ही, केस काय उन्हात पांढरे केलेस? आल्मा शपथेवर सांगते, मर्यादा कुणी बदललेली नाही. परवा सकाळी दहाला धरणाचं दार उघडणार. खाली नदीत मासे धरणारे उभे असतात.

७ मार्च
आज चाळिसाव्यावर. तुटलेले तुकडे वेगळ्या मेलने आले— नेरिडाच्या पत्त्यावरून. जुळवून पाहिले. फक्त माझं नाव, पुन्हा पुन्हा. की-बोर्डमध्ये पाणी. आल्मा म्हणाली, चहा सांडला असशील. मी चहा केलाच नव्हता.

८ मार्च
नऊ. बाराव्या अक्षरावर. आल्माला हाक मारली— अर्धीच निघाली. ती हसली, म्हणाली, घसा बसला का रे?

साडेनऊ. खुर्चीखाली पाणी. थंड. वहीतही ओळ पुरी हो—

पावणेदहा. माझं नाव खोडलं. वर लिहिलं: नेरिडा पॅस्को. पाठवली.

परत आली नाही.

दहा. भोंगा वाजला. माणसं काठावर चढतायत— सगळी.

पाणी गुडघ्यापर्यंत. खोलीचं दार—

तुमचं तुम्हाला दिलं, बाई. आता मला सो