मेहरूणच्या सात बोरी आणि भिकुबाईचा हक्क

मी, कौतिक वना भदाणे, वय वर्षे बाहत्तर, जळगाव कोर्टाबाहेर चाळीस वर्षं टाइपरायटर बडवलेला, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या बोटांनी टाइप करीत आहे. कोणाचा दाब नाही. डोकं ठिकाणावर आहे; गेल्या आठवड्यापासून तर जरा जास्तच चालतंय, कारण मला एक शब्द सापडला आहे!

१. घर, अंगण आणि मागच्या सात बोरी माझ्यामागे मुलगा झुलाल याच्या मालकीच्या होतील. सगळं विकायचं त्याच्या मनात आहे, म्हणून त्याने कलम दोन दोनदा वाचावे.

२. शब्द आहे युझुफ्रक्ट. धुळ्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या जाडजूड इंग्रजी कोशात भेटला आणि मी खुर्चीतून उठलोच! अर्थ असा: वस्तू एकाची, पण ती वापरायचा आणि तिची फळं घ्यायचा हक्क दुसऱ्याचा, तोही हयातभर. मालकाने मध्ये यायचं नाही. हक्कदाराने नासाडी करायची नाही. म्हणजे बोरं खावीत, विकावीत, वाटावीत, पण झाड तोडू नये. कोणाच्या दयेवर राहणाऱ्याला हा शब्द चुकूनही लावू नये, दया उद्या फिरू शकते. अहो, चाळीस वर्षं लोकांच्या इस्टेटी टाइप केल्या आणि हा हिरा एकदाही बोटाखाली येऊ नये!

तर माझी धाकटी विधवा बहीण भिकुबाई हिला मागच्या खोलीचा आणि सातही बोरींचा युझुफ्रक्ट, ती जिवंत असेतो. झुलालला विकायचंच असेल तर तिच्या हक्कासकट विकावं. गिऱ्हाईक मिळालं तर मला वर कळवावं.

३. हे का, तेही सांगतो. वडील मरताना फक्त "तिले सांभाळजो" म्हणाले होते. त्यांचं मृत्युपत्र टाइप करताना "भिकुबाईने भावाच्या मर्जीने राहावे" हे वाक्य मी घातलं. फार भारदस्त वाटलं होतं मेलं! तेव्हापासून तीस हिवाळे ती दारात उभी राहून विचारते, "भाऊ, बोरं पाडू का?" झाडांना पाणी तिने घातलं, आणि "पाड" म्हणायचो मी, ऐटीत. लाज वाटते.

४. टाइपरायटर शेजारच्या बेबाबाईंच्या मुलीला. कोश मोतीलाल दस्तलेखकाला. "असा शब्दच नाही" म्हणून तो चारचौघांत मला हसला होता. पान दुमडून ठेवलं आहे.

५. (आज सकाळी वाढवले.) वरचा मजकूर मी भिकुबाईला मोठ्या हौसेने समजावून वाचला. वाटलं, आता डोळ्याला पदर लावेल. तिने हातातली बोरांची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, म्हंजे तू मरशी तवयच माले भेटी का हाई?"

एवढा मोठा शब्द हातात, आणि तिला द्यायला मी स्वतःच्या मरणाचा मुहूर्त काढून बसलो होतो!

सबब कलम दोनमधला हक्क मी आजच वेगळा दस्त नोंदवून तिला देत आहे. झुलालने तोंड वाकडं करायचं असेल तर माझ्या देखत करावं. मृत्युपत्र इथेच आवरतं घेतो, कारण कचेरीत जायला बोलावलेली रिक्षा दारात आली आहे आणि भिकुबाई माझ्याआधी आत जाऊन बसली आहे.

सही: कौतिक वना भदाणे

आमच्या डोळ्यांदेखत, घाईघाईत पण शुद्धीत सही केली:
१. मदनलाल शांतीलाल ओसवाल, किराणा दुकानदार
२. सुनंदाबाई चिंधा महाजन, शिक्षिका

मेहरूण, जळगाव. गुरुवार, दि. ९ जानेवारी १९९२.