नव्या डब्यातलं तेल

अंबरपेठ, हैदराबाद
३ जानेवारी १९५७

ती. मुकुंदमामांस,
श्रीपतीचा सा. न. वि. वि.

नोव्हेंबरात तुम्ही औरंगाबादला गेलात तेव्हापासून मोटार रुसली आहे. वडिलांच्या माघारी पंधरा वर्षं तिला तुमच्याच हाताची सवय. मी हँडल मारलं की दोनदा खोकते नि गप्प बसते. राज्याचे तुकडे करताना वर्कशॉपातला एवढा एकच खरा मेस्त्री मुंबई राज्याला देऊन टाकला, याचा जाब कुणाला विचारावा?

थट्टा राहू द्या. ताराचं दुखणं वाढलं आहे. दाजींचं नांदेडहून पत्र आलं, ताप उतरत नाही आणि ती आईला भेटायचं म्हणते. त्यांची बदली झाली नसती तर ती आजही सुलतान बाजारातच असती आणि मी आईला रिक्षानं रोज नेलं असतं. मांडीचं हाड मोडल्यापासून आईला आगगाडीत चढवत नाही. मोटारीत मागच्या सीटवर पाय लांब करून मात्र ती बसते. तेव्हा नांदेडला मोटारच काढायची ठरवली आहे.

इंजिनात तेल कोणतं घालू? तुमचा नेहमीचा डबा संपला. बाजारात नव्या तऱ्हेचं तेल आलं आहे, इंजिन आतून धुऊन काढतं म्हणे. दुकानदार म्हणतो, जुन्या तेलाचा जमाना गया. एवढ्या लांब जायचं तर म्हातारीला चांगल्यातलं चांगलं घालावं असं मला वाटतं. उलट टपाली कळवा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत गारठू देऊ नका.

आपला,
श्रीपती

औरंगाबाद
६ जानेवारी १९५७

चि. श्रीपतीस,
अ. उ. आ.

तारीचं वाचून जीव थाऱ्यावर नाही. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. अक्काला जरूर घेऊन जा.

आता तेलाचं नीट वाच. ते नवं तेल वाईट नाही, नव्या इंजिनाला उत्तम आहे. पण आपल्या इंजिनात पंचवीस वर्षांचा काळा गाळ थापून बसला आहे. नवं तेल तो सोडवील. सुटलेला गाळ जाईल कुठं? खाली चेंबरात तेल ओढायची जाळी आहे, तिच्यावर जाऊन बसेल. मग तेल वर चढणार नाही, बेअरिंग कोरडं पडेल आणि वितळेल. तिला साधं, जाड, नेहमीचंच तेल हवं.

तुझा घाईचा स्वभाव मला ठाऊक आहे. रेडिएटर तापलेला असताना झाकण उघडणारा तूच. तेव्हा तेल घालून बसला असशील तर मोटार जागची हलवू नकोस. माझ्या हाताखालच्या दत्तोबाला बोलाव. तो चेंबर उतरवील, जाळी रॉकेलनं धुवील आणि साधं तेल भरील. दोन दिवस जातील, जाऊ देत. अक्काला म्हणावं, मुकुंदानं सांगितलंय. जपून जा, आणि पोचल्याचं कळव, आम्हां म्हाताऱ्यांना घोर लावू नकोस.

तुझा,
मुकुंदमामा

नांदेड
१५ जानेवारी १९५७

ती. मुकुंदमामांस,
सा. न. वि. वि.

तारा गेली. रविवारी सकाळी. आम्ही दुपारी पोचलो.

तुमच्या पत्राची वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून नवं तेल घालून गुरुवारी पहाटे निघालो. कामारेड्डीच्या अलीकडे इंजिन ठोकायला लागलं आणि जाम झालं. बैलगाडीनं ओढून गावात नेलं. तिथला मेस्त्री शुक्रवारी ‘रेपु’ म्हणाला, म्हणजे उद्या, आणि शनिवारीही ‘रेपु’च म्हणाला. मी वेड्यासारखा त्याच्यापाशी बसून राहिलो. शेवटी रविवारी चौघांनी आईला खुर्चीसकट आगगाडीत चढवलं. चढवता येत होतं, मामा. तिला फार दुखलं, पण चढवता येत होतं.

दाजींनी आमच्यासाठी सगळं थांबवून ठेवलं होतं. ते सांगत होते, शनिवारी दिवसभर तारा शुद्धीवर होती, दारात पाऊल वाजलं की मान वळवायची. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला आणि वेणी कुणी घातली एवढंच विचारलं.

खरं सांगा, हे त्या तेलानंच झालं का? मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. तुमच्या आशीर्वादाची आज फार गरज आहे.

आपला,
श्रीपती

औरंगाबाद
२० जानेवारी १९५७

चि. श्रीपतीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. नांदेडला यायला रजा मागितली, तर हैदराबादहून माझे कागदच आलेले नाहीत म्हणून साहेबांनी ती नाकारली. माझी पोर गेली आणि मी इथं कागदांची वाट पाहत बसलोय.

तेलाचा काही संबंध नाही. ते बेअरिंग गेलेलंच होतं. नोव्हेंबरात निघताना मला आवाज कळला होता, पण सामानाच्या गडबडीत मी बोललो नाही. दोष असेल तर तो माझा, आणि अक्काला तसंच वाचून दाखव. माझं सहा तारखेचं पत्र अंबरपेठेत येऊन पडलं असेल, ते न उघडता फाडून टाक. त्यात बडबडीशिवाय काही नाही. स्वतःला खाऊ नकोस, दोन घास जेव. आमची माया आहे तशीच आहे.

तुझा,
मुकुंदमामा

अंबरपेठ, हैदराबाद
२ फेब्रुवारी १९५७

ती. मुकुंदमामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नांदेडातच आईला वाचून दाखवलं. ऐकून ती रडली आणि म्हणाली, मुकुंदाला लिही, तुझ्यावर माझा राग नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. ते लिहायला मी चारदा बसलो. तुम्हांला माफी द्यायची आणि तीही माझ्या हातानं, हे काही मला जमेना.

मामा, तुमचं सहा तारखेचं पत्र मला बुधवारी दुपारीच मिळालं होतं, निघायच्या आदल्या दिवशी. मी ते पुरतं वाचलं. तेल सोमवारीच घालून झालं होतं. आई लुगड्यांची वळकटी बांधून तयार होती, आणि मला वाटलं की मामांना नव्याची धास्तीच फार. पत्र घडी करून खिशात घातलं. कामारेड्डीत ते खिशातच होतं. तुम्ही मला वाचवायला खोटं लिहिलंत, पण मी त्याआधीच तुमच्याशी खोटं बोललो होतो.

काल आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. दत्तोबाला दोन दिवस दिले असते तर आपण कधी पोचलो असतो, एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, शनिवारी दिवे लागायच्या सुमारास. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

माझ्यावर लोभ ठेवा असं कुठल्या तोंडानं लिहू? मला नका लिहू, पण आईला पत्र टाका. माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहा. तिला वाचून दाखवायला मीच आहे, आणि एक अक्षरही गाळणार नाही.

आपला अपराधी,
श्रीपती