विमानातली पत्रिका

शहादा,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आदला आठवडा

तीर्थरूप दाजी,

अमृतचा दंडवत. तुमचा खोकला बसला असेल, केळीवरचा करपा हटला असेल आणि विहिरीवरची मोटर अजून जळली नसेल असं धरून चालतो, कारण यातलं एक जरी बिघडलेलं असलं तरी तुम्ही हे पत्र पुढे वाचणार नाही. प्रमिलाताईला नमस्कार सांगा. तिने आमच्या रूपालीसाठी दिलेले बिबडे पापड आयर्लंडला अर्धे पोचले (उरलेल्या अर्ध्यांचं काय झालं ते पुढे ओघात येईल). रूपाली, जावई आणि नवा नातू मजेत आहेत. आम्हीही परत येऊन धडधाकट आहोत. जसोदाचा गुडघा तेवढा दुखतो, पण तो लग्नाआधीपासूनच दुखतो, त्यात माझ्या घराचा दोष नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. दाजी, फोनवर तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि तिथून पुढे तुम्हीच बोलता. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी काढलेला माणूस मी. ट्रॅक्टरवाल्यांना पुरून उरलो, पण तुमच्यापुढे माझा काटा कधी हललाच नाही. कागदाला मात्र मध्येच कोणी तोडू शकत नाही. (फाडू शकतं. फाडू नका, पाकिटात फोटो आहे.)

तर विषय आपल्या रुचिकाचा. आम्ही निघण्याआधी तुम्ही मला कामगिरी दिली होती, की मामाचं ऐकते ती, तेव्हा परत आल्यावर पोरीला समजाव. इंजिनियर झालेली मुलगी माळ्यावरच्या खोलीत बसून जगासाठी फुकट प्रोग्राम लिहिते, दुकानांच्या बिलांची चार कामं करून स्वतःचं भागवते, यापेक्षा शहाद्याच्या पतसंस्थेत खुर्चीवर बसलेली बरी. तुम्ही मॅनेजरशी बोलून ठेवलंत, आखाजीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, आणि माळ्यावर कापूस भरायचा, हेही ठरवलंत. माझ्यादेखत तुम्ही तिला म्हणालात, “ना दाम, ना नाव. दुसराना खळामा कितला दिन राबशी?” मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मी तुमच्याच बाजूने विमानात बसलो.

आता ती करते काय, हे तिने मला एकदा सांगितलं होतं. सिनेमा, गाणी चालवणारा एक प्रोग्राम आहे. तो कुणा एकाचा नाही. भंडाऱ्याला जसा ज्याने त्याने घरून शिधा आणून टाकायचा आणि येईल त्याने जेवून जायचं, तसा देशोदेशीच्या लोकांनी थोडा थोडा लिहून तयार केलेला. त्याला ओपन सोर्स म्हणतात. त्यात रुचिकाचा शिधा कोणता, तर मध्येच लाईट गेली आणि परत आली, की सिनेमा जिथे थांबला होता तिथूनच सुरू व्हायचा. हे तिला सुचलं तुमच्यामुळे. संध्याकाळी तुम्ही टीव्हीला जोडलेल्या डबीवर कुस्त्या लावायचात, ऐन पकडीत लाईट जायची, आणि आली की दोन्ही पैलवान पुन्हा पहिल्यापासून सलामी द्यायचे. त्या वेळी तुम्ही टीव्हीला ज्या शिव्या द्यायचात, त्या खालून माळ्यावर स्पष्ट ऐकू जात. नंतर शिव्या बंद झाल्या. टीव्हीला अक्कल आली असं तुम्हाला वाटलं. तर तिचा हा तुकडा पुढे कोण कुठे वापरतं, हे तिलाही ठाऊक नाही, कारण कोणी सांगायला येत नाही.

मुंबईहून विमान उडालं. प्रत्येकाच्या पुढच्या खुर्चीच्या पाठीला एक पडदा. जसोदाने पहिल्याच बटणाला हवा तो सिनेमा लावला आणि पाय वर घेऊन रडायला बसली. मला तुम्ही ओळखता, औषधाच्या पाकिटामागचंही बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी गोळी घेत नाही. मी पडद्यावर आत आत शिरत गेलो. भाषा झाली, उजेड झाला, मदत झाली, आणि सगळ्यात खाली एक पान उघडलं, त्यात नुसती नावं. बोटाने वर सरकवत गेलो तरी संपेनात. जर्मन, जपानी, एक दोन रेड्डी, एक कुलकर्णी. म्हटलं ही तर पत्रिका! आपल्याकडे नाही का, निमंत्रक, विनीत, समस्त परिवार, भाऊबंद, करत करत मुहूर्ताला जागाच उरत नाही. फक्त खाली ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली तेवढी नव्हती. आणि पत्रिका दिसली की मी वाचतोच (तुमच्याइतकी कसून नाही. तुम्ही मुहूर्त नंतर बघता, आधी आपलं नाव. सारंगखेड्याच्या लग्नात पत्रिकेत नाव नव्हतं म्हणून भरल्या पंगतीतून तुम्ही उठून आलात, आणि तुमच्यामागे आम्हालाही जिलेबी सोडून उठावं लागलं).

तर वाचता वाचता एक ओळ आली: रुचिका पितांबर पाटील. पुढे मेलचा पत्ता, आणि त्यात तुमच्या गावाचं नाव, कळसाडी! दाजी, खाली ढग होते, जमीन कुठली ते कळत नव्हतं, आणि माझ्या बोटाखाली कळसाडी होती. मी उभाच राहिलो. डोकं वरच्या फळीला आपटलं, त्याचं टेंगूळ अजून आहे, आखाजीला आलो की हात लावून बघा. मी मोठ्याने म्हणालो, “अरे, ही आपली पोर शे!” आजूबाजूच्यांनी कानातले बोळे काढले.

आता मला सांगा, पत्रिकेत आपल्या पोरीचं नाव असेल तर आपण कोण? पाहुणे नव्हे. घरचे! घरच्या माणसाने खुर्चीत पसरून राहायचं, ही काय रीत झाली? मी लगेच चौकशीला निघालो. एकेका रांगेत वाकून विचारलं, नीट दिसतं ना, आवाज येतो ना, काही कमी जास्त? एका गोऱ्या आजोबांचा पडदा बंद होता, तो मी त्यांच्यासाठी लावून दिला. (ते झोपलेले होते. नंतर नव्हते.) जसोदा मागून हात ओढत होती, “गुमान बठा ना हो, सगळा लोके देखी ऱ्हायनात.” हवाईसुंदरी आली आणि हात जोडून म्हणाली, “अंकल, प्लीज अपनी सीट पर बैठिए.” बिचारीवर कामाचा ताण होता. मी तिला म्हटलं, बेटी, तू काळजी करू नको, ही बाजू मी बघतो.

मग जेवण आलं. माझ्यापुढे ताट ठेवलं, मी परत दिलं. सगळी पंगत उठल्याशिवाय घरचा माणूस घास घेत नाही, हे तिला मी हिंदीतून समजावलं. ती ‘ओके अंकल’ म्हणून ताट घेऊन गेली, आणि दाजी, ती गाडी पुन्हा आलीच नाही. मागे जाऊन विचारणं घरच्या माणसाला शोभलं नसतं. बिबड्यांचा खुलासा इथे करतो. भाजलेले नव्हते, कच्चेच खाल्ले. ताईच्या हाताला चव आहे.

एवढ्यात घात झाला. आमच्या भागातले सगळे पडदे एकदम काळे पडले. त्यावर भराभरा पांढरी अक्षरं धावायला लागली आणि कोपऱ्यात बदकासारखा एक पक्षी येऊन बसला (तो पेंग्विन, यंत्र नव्याने सुरू होताना येतो, हे रुचिकाने नंतर सांगितलं). भर लग्नात मांडवाची लाईट जावी तसं झालं. बाकीच्यांना काय, सिनेमा गेला. इथे कळसाडीचं नाव गेलं! मला वाटलं, दाजी म्हणाले तेच खरं, पोरीने हे उद्योग करायलाच नको होते. मी हात जोडून रांगेरांगेने निघालो. सांभाळून घ्या, पोर लहान आहे, आमच्याकडे लाईटचा त्रास आहे, होईल सुरू. लोक माझ्याकडे बघत होते. माझे डोळे भरून आले होते, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

आणि पडदे उजळले. ते गोरे आजोबा (आता पूर्ण जागे) एक गाड्यांची शर्यत बघत होते, त्यांची गाडी त्याच वळणावरून सुटली. पलीकडच्या बाईचा हिरो जिथे दारात उभा होता, तिथूनच आत शिरला. जसोदाचा सिनेमा ज्या हुंदक्यावर थांबला होता, त्याच हुंदक्यावर सुरू झाला, आणि तिचाही. कुणाला पहिल्यापासून सलामी बघावी लागली नाही. कुणी वर पाहिलंही नाही, कुणाला काही झालंय असं वाटलंच नाही. तुमच्या शिव्यांवर निघालेलं औषध, दाजी, समुद्रावर लागू पडलं. त्या क्षणी मी तुमची बाजू सोडली. आजोबांनी मला अंगठा दाखवला. तो अंगठा खरं म्हणजे रुचिकाचा आहे, मी फक्त पोचवतो.

उतरल्याबरोबर रुचिकाला फोन लावला. सगळं सांगितलं (टेंगूळ सोडून). ती आधी हसली. “मामा, विमान मन्हं नही शे. तेमा मन्ह्या बस थोड्या ओळी शेतस.” मग हळूच विचारलं, “नाव कसं लिखेल शे? आख्खं?” मी म्हटलं, आख्खं. त्यावर फोनला रेंज गेल्यासारखं झालं. रेंज होती. नाक ओढल्याचा आवाज येत होता.

मग तिने मला त्या भंडाऱ्याचा नियम सांगितला. घ्या, वापरा, विमानात लावा नाहीतर रॉकेटात, पैसे मागत नाही. पण ज्यांनी केलं त्यांची नावं गाळायची नाहीत. माल जिथे जाईल तिथे नावांचं पान त्याच्याबरोबर गेलंच पाहिजे. म्हणजे बघा, आपल्या सख्ख्या भाऊबंदांना जे छापखान्यात जमत नाही, ते परक्या लोकांनी लिहून दिलंय. दाम नाही, हे तुमचं खरं. नाव नाही, हे मात्र यापुढे म्हणू नका. सोमवारी तिला पतसंस्थेत पाठवू नका आणि माळ्यावर कापूस भरू नका. समजावायला तुम्ही मला सांगितलं होतं. समजावतोय. माणूस फक्त बदलला.

थोरामोठ्यांना दंडवत, वासरांना चारा, आणि तुमच्या रागाला माझ्याकडून आधीच रामराम.

तुमचा शालक,
अमृत

ता. क. पुरावा म्हणून पडद्याचा फोटो काढून शहाद्यात मोठा करून घेतला, तो सोबत आहे. घाईत माझा अंगठा ‘रुचिका’वर आला, त्यामुळे नुसतं ‘पितांबर पाटील’ दिसतं. स्टुडिओत तुमच्या शेजारचा उखा भेटला. त्याने तो पाहिला, आणि विमानातला सिनेमा पितांबरदाजी चालवतात असं कळसाडीत आत्तापर्यंत सांगून झालं असेल. कृपा करून खोडून काढू नका. फक्त कुणी दुरुस्तीला मोबाईल घेऊन आलं, तर माळ्यावर पाठवा. म्हणजे माळ्यावर माणूस लागेलच.

ता. क. २. पतसंस्थेची जागा वाया जाऊ नये म्हणून परवा मॅनेजरांना भेटलो. सोमवारी आमचा पोरगा भूपेश हजर होतोय. शब्द तुमचाच टाकलाय, तेवढा फोनवर मागे घेऊ नका. याच्यासाठीच पत्र लिहिलं असं ताई म्हणेल. तिचं ऐकू नका.

ता. क. ३. एक राहिलं. त्या पानावर बहुतेकांची दोनच शब्दांत नावं आहेत. मी रुचिकाला विचारलं, तू मध्ये बापाचं, नानांचं नाव कशाला घातलंस, एवढं लांबलचक? तर म्हणाली, “नाना बी कवयतरी विमानमा बठतीन ना, मामा. पत्रिकामा नाव नही दिसनं ते त्या जेवतस नही.”