दोन हाका

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस, अ. उ. आशीर्वाद.

पायाचे टाके निघाले, कामावरही जायला लागलीस, हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझी वहिनी म्हणते, टिटवी गप्प राहिली की घरात चोर शिरल्यासारखं वाटतं. तेव्हा बोलत जा.

आता कामाचं. शिंप्याच्या दुकानात तुझ्या डोळ्यांदेखत चार माणसं मारली गेली. बंदूकवाला आत शिरताना अल्लाच्या नावाचा पुकारा करत होता, हे तूच मला दवाखान्यात सांगितलंस. पुढच्या बुधवारी सभागृहात निषेधाचा ठराव आहे आणि सरकारी मसुद्यात काय लिहिलंय? ‘अज्ञात हिंसक प्रवृत्ती’! मारणारा छाती ठोकून कोणासाठी मारतो ते सांगतो आणि आपण त्यावर पांघरूण घालायचं? मी दुरुस्ती मांडतोय: ‘इस्लामी दहशतवाद’ असं स्वच्छ लिहा. रोगाचं नाव घ्यायला लाजणाऱ्या वैद्यानं औषध देऊ नये. तू ऐकलंस ते लिहून पाठव, मी वाचून दाखवीन.

माया आहेच, पत्राला उशीर करून ती ताणू नकोस.

तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्रातसुद्धा तू टेबलावर मूठ आपटतोस! पण म्हणतोस ते खोटं नाही. परवा चौकशीचे साहेब आले होते. लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, बाई, ‘काही घोषणा दिल्या’ एवढंच लिहा, उगाच शहर पेटायला नको. मी म्हटलं, साहेब, मी लोकांचे कान तपासते. ऐकू आलेलं कागदावर कमी करून लिहिलं तर माझी नोकरी जाईल.

तेव्हा लिहून घे. तो ते नाव घेऊनच ओरडला. भिंती हादरतील असा.

आता पुढचं. मी कापायच्या टेबलाखाली शिरले, शेजारी शिंपीचाचा. दोनच मिनिटांपूर्वी आम्ही कोटाच्या बाहीवरून हमरीतुमरीवर आलो होतो. त्यांच्या पोटात गोळी होती. त्यांनीही तेच नाव घेतलं, दादा. तेच. पण हळू, आपण ‘आई गं’ म्हणतो तसं. सात-आठ वेळा. मग थांबले.

दोन्ही हाका माझ्या कानांत आहेत. तपासणीच्या त्या बंद खोलीत, जिथे बाहेरचा आवाज शिरत नाही, तिथे जास्तच. ठरावात शब्द कोणता घालायचा हा तुमचा वाद. माझी साक्ष मात्र अख्खी वाच, नाहीतर वाचूच नकोस.

वहिनीला नमस्कार. धाकटीवर लोभ ठेव आणि तिचं ऐकही.

तुझी टिटवी

१४ फेब्रुवारी

चि. टिटवीस, अ. उ. आशीर्वाद.

रेडिओवर ऐकलंच असशील. दुरुस्ती तीन मतांनी मंजूर झाली. तुझी पहिली ओळ वाचली आणि बाकं दणाणली. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी घंटा वाजवली, माझी वेळ संपली, चाचांचं राहून गेलं.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. एक मिनिट मागितलं असतं तर मिळालं असतं. मी मागितलं नाही. ते वाचलं असतं तर समोरच्यांनी त्याच कागदानं मला झोडपलं असतं. पुढच्या अधिवेशनात चाचांवर बोलेन, शब्द देतो.

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

राग नाही, भीती वाटते म्हणून लिहिते.

तुझं भाषण मी कामावर ऐकलं. तो पुकारा तू हुबेहूब केलास. नकला तुला लहानपणापासून येतात. तेव्हापासून मला एकच हाक ऐकू येते. मोठी. दुसरी येतच नाही. दुपारच्या सुट्टीत सोबतच्या बाईंकडून मी माझेच कान तपासून घेतले. अगदी पुसट आवाजालाही माझा हात वर गेला. त्या म्हणाल्या, लेकराचे कान आहेत तुमचे.

काल चाचांची मुलगी घरी आली. कोट घेऊन, बाही तिनं पुरी केली होती. म्हणाली, शेवटी तुम्हीच जवळ होता, अब्बा काय म्हणाले? मी सांगायला तोंड उघडलं, ते नाव घेतलं, आणि दादा, माझ्या तोंडून ते त्या बंदूकवाल्यासारखं निघालं. पोरगी दचकून भिंतीला टेकली. कोट खुर्चीवर टाकून निघून गेली.

माझं पत्र परत पाठव. चाचा कसे बोलले होते ते त्यात लिहिलंय. मला आठवत नाही.

लोभाचं नंतर बघू. आधी कागद.

तुझी बहीण